ओपनिंगच्या वहीपासून स्कोअरशीटवरच्या सहीपर्यंत: स्पर्धेतला डाव कसा खेळावा

बुद्धिबळाच्या क्लासमध्ये इटालियन ओपनिंगच्या (डावाच्या एका ठरलेल्या सुरुवातीच्या) पंधरा चाली घडाघडा म्हणून दाखवणारी मुलं रेटिंग स्पर्धेत सातव्या-आठव्या चालीला अडकतात, हे मी दर सुट्टीत बघतो. मोठ्यांचंही तेच. आपण पाठ केलेली चाल समोरच्यानं खेळली नाही की हात थबकतो, पुढच्या तीन चाली घाईत होतात आणि घरी जाताना तक्रार असते की ओपनिंग चुकलं. स्कोअरशीट (डावाच्या चाली लिहिलेला कागद) उघडून बघितलं तर बहुतेक वेळा ओपनिंग ठीकच असतं. तयारीचा क्रम चुकलेला असतो, नाहीतर पटावरच्या कामांचा.

म्हणून इथं सगळं त्या क्रमानंच लिहितो. ९० मिनिटं आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद वाढीव, हा आपल्याकडच्या क्लासिकल स्पर्धांमधला नेहमीचा वेळ मी गृहीत धरला आहे. चाली मराठीत लिहिल्या आहेत: नुसतं घराचं नाव म्हणजे प्याद्याची चाल, "गुणिले" म्हणजे मारणं, आणि आकड्यापुढे तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल. तुमच्या स्कोअरशीटवर त्या इंग्रजी अक्षरांत येतील.

१. पंधरा दिवस आधी: ओपनिंग निवडा, पण मोजकीच

पांढऱ्यानं एक आणि काळ्यानं दोन, एवढी ओपनिंग पुरतात. काळ्यानं दोन अशासाठी की समोरचा ई४ही खेळू शकतो आणि डी४ही. सुरुवातीच्या खेळाडूला मी हे देतो:

पांढऱ्यानं ई४. समोरून ई५ आलं तर इटालियन. सिसिलियन (१... सी५) आलं तर २. सी३. फ्रेंच (१... ई६) किंवा कारो-कान (१... सी६) आलं तर डी४ आणि मग प्यादं ई५ला पुढे. सिसिलियनमध्येही काळ्यानं घोडा एफ६ला आणला की ई५ खेळायचंच असतं. म्हणजे सी३, डी४, ई५ ही प्याद्यांची साखळी वेगवेगळ्या ओपनिंगमध्ये पुन्हा पुन्हा भेटते. एकदा समजली की तिन्हीकडे कामाला येते.

काळ्यानं ई४ला ई५, कारण इटालियन तुम्ही दुसऱ्या बाजूनं आधीच शिकलेला असता. डी४ला डी५, आणि सी४ आलं तर ई६. डी४ खेळणारे बरेच जण हल्ली लंडन खेळतात, उंट एफ४ला काढून. त्याला सी५, घोडा सी६, घोडा एफ६ आणि जमलं तर वजीर बी६, बी२च्या प्याद्यावर नजर ठेवून. एवढ्यावर बाराव्या चालीपर्यंत नीट पोचता येतं.

*इशारा:* स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात नवं ओपनिंग घेऊ नका. व्हिडिओत ते फार सोपं दिसतं, कारण व्हिडिओतला समोरचा खेळाडू नेहमी हव्या त्याच चाली खेळतो.

२. वही: प्रत्येक चालीपुढे "कशासाठी"

मोबाइलमधल्या फाइलपेक्षा शंभर पानी वही बरी. पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात माझी चाल. दुसऱ्यात ती कशासाठी, एका वाक्यात, आपल्या शब्दांत. तिसऱ्यात समोरच्यानं इथं दुसरं काही खेळलं तर मी काय करणार.

दुसरा रकाना भरता आला नाही तर ती चाल तुम्हाला येत नाही, नुसती पाठ आहे. तिथं खूण करा आणि शिक्षकांना विचारा. तिसऱ्या रकान्यात लांब लाइन लिहायची गरज नाही. "घोड्यानं घोडा मारायचा, मग कॅसलिंग" (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) एवढंही चालतं.

*तपासणी:* वही बंद करा, पट मांडा आणि घरातल्या कुणाला तरी, बुद्धिबळ न येणाऱ्यालाही चालेल, पहिल्या दहा चाली कारणांसह सांगा. जिथं "असंच खेळतात" असं तोंडातून निघेल, तिथं वहीत परत जा.

३. क्रम का महत्त्वाचा: इटालियनच्या दहा चाली जवळून

आता वहीचं एक पान उघडूनच दाखवतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथं होतात.

१. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ उंट सी५ ४. सी३ घोडा एफ६ ५. डी३ डी६ ६. कॅसलिंग कॅसलिंग.

चौथी चाल सी३. पुढे कधीतरी डी४ खेळायला आधार, हे कारण सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरं कारण विसरलं जातं: सी४वरच्या उंटाला परतायला सी२चं घर मिळतं. बरीच मुलं इथं घोडा सी३ खेळतात. दिसायला चाल छान, पण मग काळा घोडा ए५ खेळतो आणि तुमचा चांगला उंट घोड्याच्या बदल्यात जातो. सी३ खेळलेलं असेल तर तोच घोडा ए५ त्याच्या अंगाशी येतो. सहाव्या चालीला त्यानं घोडा ए५ खेळला असं समजा: ७. उंट बी५ शह सी६ ८. उंट ए४ बी५ ९. उंट सी२. उंट सुखरूप घरी आला आणि आता बी४ची धमकी उभी राहिली. एकाच प्याद्यानं सी५वरचा उंट आणि ए५वरचा घोडा दोन्हीवर मारा.

पाचवी चाल डी३. "सर, डी४ लगेच का नाही?" हा प्रश्न दर बॅचमध्ये येतो. खेळता येतं, पण प्याद्यांची मारामारी झाली की काळा उंट बी४वर शह देतो आणि ई४चं प्यादं लटकतं. तिथून पुढची लाइन तलवारीच्या धारेवरची आहे. ती वहीत पूर्ण लिहिलेली असेल तरच त्या वाटेला जा.

सातवी चाल, आणि खरी गोम इथं आहे. आपल्याला बी१वरचा घोडा डी२, एफ१, जी३ असा राजाच्या बाजूला न्यायचा आहे. त्यासाठी एफ१ मोकळं हवं, म्हणजे हत्ती ई१ला हवा. म्हणून मुलं सातव्या चालीला लगेच हत्ती ई१ खेळतात. त्यावर काळा घोडा जी४! एफ२वर आता उंट आणि घोडा दोघांचा मारा आहे, आणि तिथला राखणदार हत्ती आपणच हलवला. त्याला ई२वर परत यावं लागतं आणि सगळी योजना विस्कटते. डाव लगेच हरत नाही, पण तोंडचं पाणी पळतं, आणि त्या घाबरण्यातच पुढची चूक होते.

म्हणून आधी ७. एच३. जी४चं घर बंद, म्हणजे तिथून काळ्या उंटानं आपला घोडा जखडणंही (पिन) बंद. मग साधारण असं चालतं: ७... ए६ ८. ए४ उंट ए७ ९. हत्ती ई१ एच६ १०. घोडा बी-डी२ हत्ती ई८ ११. घोडा एफ१. पुढं घोडा जी३. तिथून एफ५च्या घरावर डोळा, आणि तयारी झाली की मध्यात डी४. ए४ कशासाठी? काळ्याचं बी५ अडतं आणि उंटाला ए२चं घर मिळतं. घोडा ए५ आला तर उंट ए२, संपलं.

आता अपवाद, तेही तितकेच महत्त्वाचे. काळ्यानं अजून कॅसलिंग केलेलं नसेल तर एच३ची घाई नको. त्याचा राजा मध्येच असल्यामुळे तो बिनधास्त जी५, जी४ असं प्यादं ढकलू शकतो, आणि तुमचं एच३चं प्यादं त्याला पकडायला आयतं सापडतं. तोवर ए४ खेळून थांबा. दुसरा अपवाद: काळ्यानं पाचव्या चालीला डी६ऐवजी कॅसलिंग केलं आणि सहाव्या चालीला डी५ खेळला तर ७. ई गुणिले डी५ घोडा गुणिले डी५, आणि आता मात्र पहिली चाल हत्ती ई१. काळा घोडा एफ६वरून डी५ला गेला, म्हणजे जी४ची भीती राहिली नाही, आणि ई५चं प्यादं ताबडतोब माऱ्यात येतं.

बघा, तीच दोन चाली, एच३ आणि हत्ती ई१. एका जागी पहिली आधी, दुसऱ्या जागी दुसरी आधी. नुसतं पाठ केलेल्याला हे कधीच आठवणार नाही. "जी४वर घोडा येऊ शकतो का?" हा एक प्रश्न वहीत लिहिलेला असेल तर आठवायचीही गरज नाही.

*नेहमीची चूक:* दोन्ही बाजूंचं कॅसलिंग झाल्यावर घोडा जी५ खेळून एफ७वर तुटून पडणं. घोडा गुणिले एफ७, हत्ती गुणिले एफ७, उंट गुणिले एफ७ शह, राजा गुणिले एफ७. मुलं मोजतात: घोडा तीन, उंट तीन, दिले सहा, हत्ती पाच, प्यादं एक, घेतले सहा. हिशेब बरोबर वाटतो. पण अकराव्या-बाराव्या चालीला हत्तीला काम नसतं; उंट-घोडे मात्र लगेच कामाला लागतात. तुमच्या पटावरचे दोन्ही जागे मोहरे संपले, आणि काळ्याचा एकच हत्ती गेला.

४. आदली रात्र आणि पेअरिंग

पिशवी रात्रीच भरा: दोन पेनं, पाण्याची बाटली, स्वेटर (एसी हॉलमध्ये तिसऱ्या तासाला हात गारठतात), वही, डबा. फोन पालकांकडे. मनगटावरचं घड्याळही घरी ठेवा. स्मार्टवॉच तर नकोच. खेळण्याच्या जागेत परवानगीशिवाय इलेक्ट्रॉनिक वस्तू अंगावर सापडली तर डाव जाऊ शकतो, मग ती वापरली होती की नाही याला अर्थ राहत नाही. स्पर्धेचं माहितीपत्रक पूर्ण वाचा, खास करून उशिरा येण्याची मुभा किती मिनिटांची आहे ते. काही स्पर्धांत ती शून्य असते: फेरी सुरू झाली तेव्हा खुर्चीत नसाल तर डाव गेला.

पेअरिंग, म्हणजे कोण कुणाशी खेळणार ते, चेस-रिझल्ट्स या वेबसाइटवर लागतं. रंग, पट क्रमांक, प्रतिस्पर्ध्याचं नाव बघा. नाव सापडलं आणि त्याचे डाव डेटाबेसमध्ये असतील तर फक्त एवढंच शोधा की ई४ला काय खेळतो किंवा पांढऱ्यानं पहिली चाल कुठली. मग वहीतलं तेवढं पान वाचा. वीस मिनिटं, जास्त नाही.

रेटिंग बघून मनात काही ठरवू नका. मार्च २०२४पासून फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) रेटिंगची, म्हणजे खेळाडूच्या ताकदीच्या आकड्याची, खालची मर्यादा १४०० आहे. शून्य रेटिंगचा, म्हणजे अजून रेटिंग न मिळालेला, दहा वर्षांचा मुलगा क्लासमधला सगळ्यात तयार खेळाडू असू शकतो. १८ वर्षांखालच्या मुलांचं रेटिंग भराभर वर-खाली होतं. आज दिसणारा आकडा काही आठवड्यांपूर्वीचा असू शकतो.

*पालकांसाठी:* दोन फेऱ्यांच्या मध्ये ओपनिंगची उजळणी घेऊ नका. खाऊ घाला, थोडं चालवा. सकाळी हरलेल्या डावावर इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) दुपारच्या फेरीआधी लावणारे पालक मी बघतो आणि वाईट वाटतं. मूल दुपारच्या पटावर बसतं तेव्हा सकाळचाच डाव डोक्यात खेळत असतं.

५. खुर्चीत बसल्यावर पहिली पाच मिनिटं

पट क्रमांक बघा, मग रंग. चुकून उलट रंगानं डाव सुरू झाला आणि दोघांच्या दहा चाली व्हायच्या आत लक्षात आलं तर तो डाव थांबवून नव्यानं खेळवतात. दहा चाली झाल्या असतील तर आहे तसाच पुढे चालतो. हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण घाईत बसणाऱ्यांकडून होतं.

मोहरे बघा: उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर, वजीर आपल्या रंगाच्या घरात. घड्याळात दोन्ही बाजूंना ९० मिनिटं आहेत ना, चाल झाल्यावर ३० सेकंद वाढतात ना, हे पहिल्या चालीलाच बघून घ्या. शंका असली तर तेव्हाच आर्बिटरना (पंचांना) सांगा. चाळिसाव्या चालीला सांगून उपयोग नाही.

स्कोअरशीटवर दोन्ही नावं, फेरी, पट क्रमांक, तारीख आधीच लिहा.

६. प्रत्येक चालीचा क्रम

हा भाग तोंडपाठ करा. या लेखात पाठ करण्यासारखा हा एकच आहे.

पहिलं, समोरच्याची चाल बघा आणि लिहा. दुसरं, स्वतःला विचारा: ही चाल कशासाठी? आता तो काय मारू शकतो, कुठं शह देऊ शकतो? तिसरं, आपली चाल ठरवा. चौथं, हात खाली ठेवूनच ती चाल मनात खेळा आणि समोरचे सगळे शह आणि सगळे मारे पुन्हा एकदा बघा. पाचवं, चाल खेळा. सहावं, ज्या हातानं खेळलात त्याच हातानं घड्याळ दाबा. सातवं, आपली चाल लिहा.

जुने खेळाडू सांगतात, "आधी लिही, मग खेळ, म्हणजे विचार होतो." सल्ला मनापासूनचा आहे, पण आता नियमात बसत नाही. चाल आधी लिहायला बंदी आहे; बरोबरीचा दावा करायचा असेल तेवढाच अपवाद. समोरच्याची चाल लिहायची राहून गेली आणि तुम्ही उत्तर दिलं तर चालतं, पण त्यानंतरची चाल खेळण्याआधी मागचं लिहून झालं पाहिजे. प्रत्येक चालीला ३० सेकंद मिळत असतील तर शेवटच्या मिनिटातही लिहिण्यातून सुटका नाही.

चौथी पायरी सगळ्यात जास्त वेळा वगळली जाते, आणि ती फक्त लहान मुलंच वगळतात असं नाही. सिंगापूरला २०२४च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत शेवटच्या, चौदाव्या डावात डिंग लिरेननं ५५व्या चालीला हत्ती एफ२ला नेला. गुकेशनं हत्तींची अदलाबदल केली, मग उंट डी५ला आणून उंटांचीही अदलाबदल करायला लावली, आणि उरलेला राजा-प्याद्यांचा डाव पांढऱ्याला, म्हणजे डिंगला, हरलेला होता. म्हणून चौथ्या पायरीत एक प्रश्न आणखी घाला: सगळे मोहरे मारले गेले तर शेवटी पटावर काय उरतं?

*कॅसलिंगचा क्रम:* आधी राजा, मग हत्ती, एकाच हातानं. आधी हत्तीला हात लावलात तर त्या बाजूचं कॅसलिंग करता येत नाही, हत्तीच हलवावा लागतो. दोन हातांनी कॅसलिंग करून घड्याळ दाबलं तर ती बेकायदा चाल धरतात.

*टच मूव्ह:* हात लावलेला मोहरा हलवायचा. समोरच्याच्या मोहऱ्याला हात लावला तर मारता येत असेल तर मारायचा. मोहरा नुसता सरळ करायचा असेल तर आधी "ॲडजस्ट" म्हणा, मग हात लावा, आणि तेही आपली चाल असतानाच.

वेळेचा हिशेब असा ठेवा. ४० चालींचा डाव धरला तर तुमच्याकडे ९० अधिक २०, म्हणजे ११० मिनिटं आहेत. ओळखीच्या पहिल्या दहा-बारा चालींना दहा-पंधरा मिनिटं पुरे. राहिलेला वेळ मधल्या डावासाठी आहे आणि तो खर्च करायलाच हवा. तीस मिनिटांत डाव हरून एक तास शिल्लक ठेवणारी मुलं प्रत्येक हॉलमध्ये दिसतात. मुलं घाई करत असतील तर त्यांना सांगा, समोरच्याची चाल लिहून झाली की पेन खाली ठेवायचं, हात मांडीवर घ्यायचे, मगच विचार सुरू. मी हे कित्येकांना करायला लावलं आहे. हात मांडीवर असला की घोडा आपोआप हातात येत नाही.

७. समोरच्यानं वाट सोडली की

इथं थांबा. मिनिटं मोजून थांबा: पाच तरी, दहा असली तरी चालतील. ओळखीच्या चालींमध्ये वाचवलेला वेळ यासाठीच आहे.

स्वतःला तीन गोष्टी विचारा. या चालीनं त्याची काही धमकी आहे का? तो काही फुकट देतोय का, आणि देतोय तर का? आणि वहीतली माझी योजना अजून चालते का?

एक उदाहरण. १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ घोडा डी४. वहीत ही चाल नाही. ई५चं प्यादं फुकट दिसतंय. बहुतेक जण अर्ध्या मिनिटात ४. घोडा गुणिले ई५ खेळतात. मग ४... वजीर जी५! आता ई५चा घोडा आणि जी२चं प्यादं दोन्हीवर मारा. ५. घोडा गुणिले एफ७, वजीर आणि हत्ती दोन्ही मिळतील या आशेनं. वजीर गुणिले जी२ ६. हत्ती एफ१ वजीर गुणिले ई४ शह ७. उंट ई२ घोडा एफ३, मात. राजाला हलायला घर नाही, आणि ई२चा उंट वजिरानं पिन केलेला, घोड्याला मारता येत नाही. सात चाली, डाव संपला, समोरचं मूल उठून गेलं.

दोन मिनिटं थांबून "प्यादं का देतोय?" एवढं विचारलं असतं तर ४. घोडा गुणिले डी४ ई गुणिले डी४ ५. कॅसलिंग, आणि पांढरा मजेत. काळ्यानं एकच घोडा दोनदा हलवून मारून घेतला, विकासात मागे पडला.

नवीन चाल कळतच नसेल तर घाबरू नका. राजा सुरक्षित करा, बाहेर न पडलेला मोहरा बाहेर काढा, मध्य धरून ठेवा. तेवढं केल्यावर कुणी पंधराव्या चालीपर्यंत हरत नाही.

*इशारा:* चेहऱ्यावर काही दाखवू नका, समोरच्याशी बोलू नका, उठून दुसरे पट बघायला जाऊ नका. वाट सुटली आहे तेव्हा खुर्चीतच बसा.

८. हात वर कधी करायचा

आर्बिटरना बोलवायला लाजायचं नाही. घड्याळ थांबवा, हात वर करा, शांतपणे सांगा. कधी?

समोरच्यानं बेकायदा चाल खेळून घड्याळ दाबलं. पहिल्या वेळी तुम्हाला दोन मिनिटं जादा मिळतात, दुसऱ्यांदा झालं तर तो डाव हरतो. बरीच मुलं स्वतःच ती चाल मागे घ्यायला लावतात आणि पुढे खेळतात. दोन मिनिटंही गेली आणि नोंदही झाली नाही.

प्यादं शेवटच्या घरात जातंय आणि जादा वजीर टेबलावर नाही. उलटा हत्ती ठेवून त्याला वजीर समजू नका. पटावर उलटा हत्तीही हत्तीच धरला जातो. आधी घड्याळ थांबवा, वजीर मागा, मग चाल खेळा.

एकच स्थिती तिसऱ्यांदा येणार आहे आणि ती तुमच्या चालीनं येणार आहे. चाल खेळू नका. स्कोअरशीटवर लिहा, घड्याळ थांबवा, आर्बिटरना सांगा. आधी खेळून, घड्याळ दाबून मग दावा केलात तर ती संधी गेली. दावा चुकीचा निघाला तर समोरच्याला दोन मिनिटं मिळतात, म्हणून आधी स्कोअरशीटवर नीट मोजा. इथंच कळतं की चाली नीट का लिहायच्या.

बरोबरी सुचवायची असेल तर चाल खेळा, बरोबरी विचारा, मग घड्याळ दाबा. त्या चालीपुढे दोघांनीही स्कोअरशीटवर कंसात बरोबरचं चिन्ह लिहायचं. आणि तुमची स्थिती चांगली असताना समोरचा जास्त रेटिंगचा आहे म्हणून बरोबरी मान्य करू नका. तो विचारतोय, म्हणजे त्यालाही तुमची स्थिती दिसते आहे.

९. डाव संपला: सही, आणि मग वही

हात मिळवा. घड्याळ थांबवा. दोन्ही स्कोअरशीटवर निकाल लिहा, तो दोन्हीकडे सारखा आहे का बघा, दोघांच्याही सह्या. निकाल उलटा लिहिला गेला आणि सही झाली तर नंतर धावाधाव करावी लागते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या जिंकलेल्या डावाचा निकाल असा उलटा नोंदला गेला होता. पुढची फेरी लागायच्या आत आमच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. कार्बन प्रत जपून ठेवा. हॉलमधून बाहेर या, मगच बोला.

त्या संध्याकाळी इंजिन उघडण्याआधी डाव पटावर मांडा आणि स्वतः बघा. तीन जागा शोधा: वहीतली वाट कुठं संपली, सगळ्यात जास्त वेळ कुठं गेला, आणि कुठून डाव सुटला. प्रत्येक जागी तेव्हा मनात काय चाललं होतं ते लिहा, खरंखरं. "त्याचा उंट दिसलाच नाही" असं असेल तर तसंच लिहा. मग इंजिन लावा आणि फक्त त्या तीन जागी त्याचं म्हणणं बघा. सबंध डावाचा आलेख बघून डोळे दमतात, हाती काही लागत नाही.

शेवटी वहीतलं ते पान काढा. समोरच्यानं जिथं वाट सोडली, तिथल्या तिसऱ्या रकान्यात त्याची चाल आणि तुमचं उत्तर लिहा. एकच ओळ. तारीख टाका. मग दुसऱ्या दिवशीचं पेअरिंग लागलंय का बघा.